होडीचा शेवटचा हात

घरच्या अंगणात होडी बांधता येते, असं सांगितलं की ऐकणारा माणूस आधी हसतो. होडी म्हणजे बंदरावरचं काम. त्याला मोठे ओंडके लागतात, पिढीजात सुतार लागतात, अशी आपली समजूत असते. मोठ्या गलबतांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण दोन-तीन माणसं बसतील एवढी शिडाची किंवा वल्ह्याची होडी गेली पाऊणशे वर्षं जगभर हौशी माणसं घरी बांधत आली आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने 1947 साली मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची छोटी होडी आखली, ती प्लायवूडच्या 8 फुटी दोन तक्त्यांत बसावी अशी. पुढे इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी ‘मिरर’ ही 10 फूट 10 इंचांची होडी तयार केली. बकनेल हे बीबीसीवर घरगुती दुरुस्तीचे कार्यक्रम करत. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या पाठबळावर ही होडी 1963 साली लोकांपुढे आली, आणि तिचे 70,000 हून अधिक नग जगभर बांधले गेले. त्यातले किती तरी राहत्या घरात, साध्या हत्यारांनी झाले.

या बांधणीची युक्ती सोपी आहे. प्लायवूडचे तुकडे नकाशाप्रमाणे कापायचे, त्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने ते एकमेकांना चक्क शिवायचे. शिवले की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतून सांध्यात घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरायचं, त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवायची, आणि ते सुकलं की तारा कापून टाकायच्या. होडी शिवणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबतं बांधण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी आहे. त्याच रीतीने गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं.

माझी नोकरी रंग आणि चिकटद्रव्यांच्या प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे होडी बांधणाऱ्या हौशी मंडळींचे फोन मला येतात, आणि येतात तेव्हा बहुधा होडी बांधून झालेली असते. तक्ते कापले, शिवले, सांधले. शेजाऱ्यांनी येऊन कौतुकही केलं. उरतं ते घासणं, इपॉक्सीचे हात, रंग आणि व्हार्निश. नवख्या माणसाला वाटतं, आता आठ दिवसांचं काम राहिलं. खरं म्हणजे अर्धं काम तिथून पुढे असतं. हात थकलेले असतात, घरच्यांचा धीर संपलेला असतो, पाण्यात उतरवायची तारीख ठरलेली असते. याच टप्प्यावर चुका होतात आणि त्या झाकल्याही जातात.

डोळ्याचा दोष आणि पाण्याचा दोष

फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारतो : हा दोष कोणाला दिसणार? तुमच्या डोळ्यांना, की पाण्याला? व्हार्निशचा ओघळ, रंगात अडकलेली धूळ, ब्रशचे वळ, लांबी भरल्याचा वेगळा रंग हे सगळे डोळ्याचे दोष. ते राहिले तरी होडी तरते. पण लाकूड कुठे उघडं राहिलं आहे, इपॉक्सी कुठे कच्चं आहे, दोन थरांची एकमेकांना पकड नाही, कापडाखाली पोकळी आहे, हे पाण्याचे दोष. ते वरून सुंदर दिसत असले तरी पाणी त्यांना शोधून काढतंच. गंमत अशी, की माणूस पहिल्या प्रकारासाठी रात्र रात्र तळमळतो आणि दुसऱ्या प्रकारावर रंगाचा एक हात मारून मोकळा होतो.

एक उदाहरण सांगतो. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी अलिबागजवळच्या आपल्या घराच्या पडवीत दोन वर्षं खपून अकरा फुटांची शिडाची होडी बांधली. नातवंडांना खाडीत फिरवायचं, एवढाच हेतू. पाण्यात उतरवून दोन महिने झाले नाहीत तोच व्हार्निशचे पापुद्रे सुटायला लागले. शिवाय मागच्या फळीवर, सुकाणूची बिजागरी बसवली होती तिथे, दोन बोटं रुंद काळा डाग पडला होता. मास्तर म्हणाले, “व्हार्निशचा नाद सोडतो. संबंध होडीला पांढरा ऑइलपेंट मारतो, म्हणजे डागही जाईल आणि कटकटही.”

मी म्हटलं, “मास्तर, पांढरा रंग अवश्य मारा. पण आधी त्या डागात टोचा घालून बघू या.”

टोचा चांगल्या लाकडात शिरत नाही. तिथे तो लोण्यात शिरावा तसा गेला. झालं होतं ते असं : सगळ्या होडीला आतून-बाहेरून इपॉक्सी दिल्यावर बिजागरीसाठी भोकं पाडली होती, आणि भोकांच्या आतलं लाकूड कोरंच राहिलं होतं. स्क्रूच्या कडेने पाणी आत गेलं. प्लायवूडच्या थरांचे तंतू भोकात उघडे पडलेले असतात, ते पाणी वातीसारखं ओढून घेतात. दोन्ही अंगांनी इपॉक्सीचा कोट असल्यामुळे आत गेलेलं पाणी सुकायला वाटच नाही. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी धरायला लागते. त्यावर पांढरा रंग दिला असता तर डाग दिसेनासा झाला असता आणि फळी आतून कुजत राहिली असती. सुकाणू हातात असताना भर खाडीत बिजागरी उखडून येणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. आणि होडीत बसणार होती लहान मुलं.

मग आम्ही बिजागरी काढली. पटाशीने मऊ लाकूड तासत गेलो, कोरडं आणि उजळ लाकूड लागेपर्यंत. तळहाताएवढा तुकडा गेला. उरलेल्या कडा बल्बच्या उबेत कित्येक दिवस सुकू दिल्या. मग भोवतीच्या कडेला उतार काढला. प्लायवूडच्या जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे 6 मिलिमीटरच्या प्लायला सुमारे 48 मिलिमीटर, असा हिशेब असतो. तशाच उताराचा नवा तुकडा इपॉक्सीने बसवला. बिजागरीच्या जागी स्क्रूपेक्षा बरंच मोठं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरलं आणि ते पक्कं झाल्यावर त्याच्या बरोबर मध्यातून स्क्रूचं भोक पाडलं. आता स्क्रूभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. पाण्याला लाकूड सापडतच नाही. होडीवर जे काही स्क्रूने बसवायचं असेल ते याच रीतीने बसवावं. दहा मिनिटांचं जास्तीचं काम आहे.

व्हार्निश सुटण्याचं कारण निराळं होतं. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्या दमट हवेत ते घरोघर घडतं.

इपॉक्सीची साय

इपॉक्सीत दोन द्रव्यं असतात, रेझिन आणि हार्डनर. पुष्कळशा हार्डनरमध्ये अमाइन जातीची रसायनं असतात. थर सुकत असताना यातला थोडा भाग पृष्ठभागावर येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड व ओलावा यांच्याशी संयोग पावतो. त्यातून मेणचट, तेलकट अशी पातळ साय धरते. हवा जितकी दमट आणि गार, तितकी साय जास्त. मास्तरांनी श्रावणात, पावसाच्या सरी चालू असताना, तीन दिवस रोज सकाळी एकेक हात दिला होता आणि शेवटच्या हातावर हलका पॉलिश पेपर फिरवून व्हार्निश लावलं होतं. व्हार्निशने धरलं होतं ते इपॉक्सीला नव्हे, सायीला.

या सायीची ओळख सोपी आहे. ओल्या हाताने पृष्ठभाग चोळला की साबणासारखा बुळबुळीत लागतो. ती पाण्यात विरघळते, हे लक्षात ठेवण्यासारखं. म्हणून तिचं औषध साधं, स्वच्छ पाणी. भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने पाणी घेऊन सगळा भाग घासायचा, पाणी सुकू न देता स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायचं, आणि पुन्हा एकदा तसंच करायचं. थिनरने ती नीट जात नाही. पॉलिश पेपरने आधी घासलं तर कागद तुंबतो आणि साय ओरखड्यांत आणखी चोळली जाते. क्रम नेहमी हाच : आधी धुवायचं, मग घासायचं. धुतल्यावर पाण्याचा फवारा मारून बघावा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून काही तरी तेलकट शिल्लक आहे.

मास्तरांच्या होडीचं सुटलेलं व्हार्निश खरवडून काढलं, होडी दोनदा धुतली, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने ती सगळीकडे निस्तेज होईपर्यंत घासली. घासल्यावर चकाकणारा ठिपका कुठे राहिला तर तिथे पकड नाही असं समजावं. यात एक सवलतही आहे. पहिला थर अजून किंचित चिकट असताना, त्याच दिवशी, काही तासांत दुसरा दिला तर दोन्ही थर रासायनिक रीतीने एकजीव होतात. मधे घासावं लागत नाही. थर कडक झाला, रात्र उलटली, की धुणं आणि घासणं दोन्ही आलं.

न सुकणारं इपॉक्सी

दुसरी तक्रार : “तीन दिवस झाले, अजून चिकट आहे.” यात दोन शक्यता असतात. हवा गार असेल तर नुसता वेळ द्यावा. ऊब मिळाली की ते सुकतं. पण मिश्रणाचं प्रमाण चुकलं असेल तर ते महिनाभर थांबूनही सुकणार नाही. पुष्कळांना वाटतं, हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकेल. पॉलिएस्टर रेझिनमध्ये थोडंफार तसं चालतं. इपॉक्सीत नाही. इथे रेझिनचा प्रत्येक कण हार्डनरच्या कणाशी जोडी जुळवतो. ज्यांची जोडी जुळत नाही ते तसेच ओले राहतात. आणखी एक घोटाळा : डब्यावरचं प्रमाण मापाचं आहे की वजनाचं, हे वाचलेलं नसतं. दोन्ही द्रव्यांची घनता वेगळी असल्यामुळे ही दोन प्रमाणं सारखी नसतात.

सगळं सुकलं आणि मधेच चार ठिपके ओले राहिले असतील तर प्रमाण बरोबर होतं, ढवळणं अपुरं झालं. भांड्याच्या कडेला आणि बुडाला चिकटलेलं न मिसळलेलं द्रव्य शेवटी ब्रशवर येतं. म्हणून दोन-तीन मिनिटं कडा आणि बूड खरवडत ढवळावं.

उपाय दोन्ही ठिकाणी एकच, आणि तो कोणाला आवडत नाही : काढून टाकणं. ओल्या थरावर नवा थर दिला तर वरचा सुकेल, खालचा कच्चाच राहील. बोथट पत्र्याने खरवडावं. जिथे अर्धवट कडक झालं असेल तिथे हॉट एअर गनची ऊब दिली की मऊ पडून पापुद्र्यासारखं निघतं. उरलेलं थिनरच्या फडक्याने पुसावं आणि लाकूड कोरडं झाल्यावर नव्याने सुरुवात करावी. पक्कं झालं की नाही हे पाहायला अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर अजून कच्चा आहे.

बुडबुडे आणि कापडाखालच्या पोकळ्या

सकाळी कोवळ्या उन्हात पहिला हात दिला आणि दुपारी बघतो तर सगळीकडे बारीक फोड, हाही नेहमीचा अनुभव. लाकडाच्या रंध्रांत हवा असते. दिवस तापत जातो तशी ती प्रसरण पावून बाहेर पडते आणि इपॉक्सीत बुडबुडे धरते. म्हणून कोऱ्या लाकडावरचा पहिला हात दुपार उतरल्यावर, तापमान खाली येत असताना, सावलीत द्यावा. मग हवा आकुंचन पावते आणि इपॉक्सी रंध्रांत ओढलं जातं. झालेले फोड कडक झाल्यावर घासून उघडे करावेत. प्रत्येक फोडाच्या जागी बारीक खड्डा दिसतो. त्यात इपॉक्सी रबराच्या पट्टीने दाबून भरावं. नुसता वरून ब्रश फिरवला तर खड्ड्यातली हवा तशीच अडकते.

काचेच्या कापडाखाली पांढुरकी जागा दिसली तर बोटाने टकटक करून ऐकावं. भरीव जागेचा आवाज टणक येतो, पोकळीचा भद्द. रुपयाच्या नाण्याएवढी पोकळी असेल तर तिच्या दोन टोकांना बारीक भोकं पाडावीत; एकातून इंजेक्शनच्या सिरिंजने इपॉक्सी भरावं, दुसऱ्यातून हवा बाहेर पडते. त्याहून मोठी असेल तर कापड कापून काढावं, कडा घासून उतरत्या कराव्यात आणि सगळीकडून दोन-तीन इंच पुढे येईल असा कापडाचा तुकडा वर बसवावा. दगडावर घासण्याचा प्रसंग होडीला रोज येतो. पोकळीवरचं कापड त्यात पहिलं फाटतं.

घासताना गेलेला थर

प्लायवूडचा वरचा थर, ज्याच्या सुंदर रेषांसाठी आपण व्हार्निश पसंत करतो, तो अगदी पातळ असतो. मशीन एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की खालचा आडव्या तंतूंचा थर किंवा गोंदाची काळपट रेषा वर येते. हा डोळ्याचा दोष आहे आणि तो पुसता येत नाही, हे आधी मान्य करावं. डाग लपवायला भोवती आणखी घासणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातून फक्त डाग मोठा होतो. इथे मार्ग तीन. तो भाग रंगवून टाकावा. बाहेरचा भाग रंगीत आणि आतला व्हार्निशचा ही जोडी जुन्या होड्यांवरही शोभून दिसते. किंवा तिथे त्याच जातीच्या लाकडाचा पातळ तुकडा, रेषांची दिशा जुळवून, नीट कोरून बसवावा. किंवा पाण्याच्या रेषेवर एखादा रंगीत पट्टा ओढून त्याखाली तो घ्यावा. घासण्याआधी सगळ्या फळीवर पेन्सिलने नागमोडी रेघा माराव्यात. रेघ गेली की हात उचलायचा. एवढ्याने ही चूक बहुतेक टळते.

लांबी भरण्याचीही एक गोम आहे. इपॉक्सीत लाकडाची बारीक पूड मिसळून सांधे आणि तारेची भोकं भरतात. ओली असताना ती लाकडाच्या रंगाची दिसते, सुकल्यावर मात्र गडद होते. व्हार्निशखाली प्रत्येक भोक मग चिंचोक्यासारखं उठून दिसतं. म्हणून आधी उरलेल्या फळकुटावर भरून, सुकवून, व्हार्निश लावून पाहावं आणि पूड एक छटा फिकी घ्यावी.

लोखंडाचे डाग ही तिसरी गोष्ट. घासायला स्टील वूल वापरलं की त्याचे केसाएवढे तुकडे रंध्रांत अडकतात. पुढे ओलाव्याने ते गंजतात आणि लाकडातल्या टॅनिनशी मिळून निळे-काळे डाग उमटवतात. होडीच्या कामात स्टील वूल आणूच नये. डाग पडलेच तर तेवढ्या जागचं व्हार्निश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाण्यातलं द्रावण लावतात, लाकूड उजळतं. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे घालून काम करावं, नंतर भरपूर पाण्याने धुवावं आणि लाकूड पुरतं वाळू द्यावं.

ओघळ, खड्डे, सुरकुत्या

आता व्हार्निश. इपॉक्सी उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं आणि खडूसारखं भुरभुरतं. त्यावर अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश किंवा रंग हवाच. काही तैलरंग काही इपॉक्सींवर सुकतच नाहीत, म्हणून आधी वीतभर जागेवर करून बघावं.

उभ्या बाजूवर जाड हात दिला की ओघळ येतात. ते अर्धवट सुकलेले असताना बोटाने किंवा ब्रशने सारखे करायला जाऊ नये. साल निघते आणि जखम मोठी होते. चार-पाच दिवस थांबून ओघळ पुरता कडक होऊ द्यावा. मग धारदार स्क्रेपरने फक्त उंचवटा तासावा आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला 320 नंबरचा कागद पाण्यात भिजवून घासावा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे खड्डे पडतात. जुने सुतार यासाठी फुटलेल्या काचेची धार वापरत, आणि ती चालतेही छान. पण हात सांभाळून.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, व्हार्निश मधूनच मागे सरकलं, तर खाली तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे. गाडीच्या पॉलिशचा स्प्रे त्याच गॅरेजमध्ये मारला गेला असेल, किंवा जेवणाचा हात फळीवर टेकला असेल. वरून दुसरा हात देऊन हे खड्डे बुजत नाहीत. सुकल्यावर घासून काढावं. एका फडक्याने थिनर लावावं आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसावं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल नुसतं पसरतं.

सुरकुत्या म्हणजे वरची साय धरली, खालचं ओलं राहिलं. थर जाड दिल्याचं हे लक्षण. ते खरवडून काढावं आणि दोन पातळ हात द्यावेत. संध्याकाळी दिलेला हात सकाळी निस्तेज दिसला तर रात्रीचं दव पडलं असं समजावं; पुरता सुकल्यावर घासून, ऊन चढल्यावर, दुपारच्या आत पुन्हा द्यावा. इपॉक्सीला उतरती दुपार आणि व्हार्निशला चढती सकाळ, असं वेळापत्रक ठेवावं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या कामाचे महिने. पावसाळ्यात होडीचे सांगाडे करावेत, शेवटचे हात राखून ठेवावेत.

धुळीचे कण बसू नयेत म्हणून व्हार्निशआधी जमिनीवर पाणी शिंपडावं आणि पंखा बंद ठेवावा. तरी दोन-चार कण आणि एखादा डास बसतोच. तो पुढच्या हाताआधी घासला की जातो. शेवटच्या हातात बसला तर राहू द्यावा.

हाताची आणि घराची काळजी

ही दुरुस्ती करताना घासणं-खरवडणं जास्त होतं, म्हणून दोन गोष्टी ठासून सांगतो. कच्चं इपॉक्सी त्वचेला पुन्हा पुन्हा लागलं तर अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि एकदा आली की ती सहसा जात नाही. मग आयुष्यभर त्या डब्याजवळ जाता येत नाही. हातमोजे हवेत, आणि लागलंच तर साबणाने धुवावं, थिनरने नाही. घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीची धूळ विशेष वाईट. दुसरं, जवस तेल असलेली व्हार्निशं पुसलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती साठून बोळे आपणहून पेट घेतात. ते पाण्यात भिजवून किंवा एकेक पसरून वाळवूनच टाकावेत. इपॉक्सीही खोल डब्यात जास्त वेळ ठेवलं तर तापून धुमसतं; कालवलं की पसरट ताटात ओतावं.

लाकूड आणि इपॉक्सी ही जोडी किती विश्वासाची आहे, याची साक्ष आपल्याकडेच आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ ही 56 फुटी शिडाची नौका लाकडी पट्ट्या, काचेचं कापड आणि इपॉक्सी यांचीच आहे. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टोमी यांनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता. घरच्या होडीला दक्षिण महासागर ओलांडायचा नसतो, पण तिच्या लाकडाला पाण्यापासून जपण्याचा नियम तोच.

म्हणून काम सुरू करताना एक फळकूट बाजूला काढावं आणि होडीला जे जे लावाल ते आधी त्याला लावावं. मागे तारीख, हवा आणि मिश्रणाचं प्रमाण लिहावं. पुढे काही सुटलं, फुगलं, डागाळलं तर कारण त्या फळकुटावर सापडतं. होडी पाण्यात गेल्यावरही दर वर्षी पावसाळ्याआधी ती उलटी करावी, टोचा आणि बॅटरी घेऊन प्रत्येक स्क्रूभोवती, प्रत्येक कडेला तपासावं. बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकला की दिवसा न दिसणारा फुगवटा दिसतो. मास्तरांची होडी आता पांढरी आहे, आतून मात्र व्हार्निशची. मागच्या फळीवर नवा तुकडा कुठे बसवला ते शोधून काढायची नातवंडांची पैज लागते, आणि टोचा घेऊन तपासायचं काम आता त्यांच्याकडेच आहे.